तो सामना कंटाळवाणा नव्हता

९ जानेवारी २०१२ च्या रात्री न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये अलाबामा विद्यापीठाने लुइझियाना स्टेट विद्यापीठाला, म्हणजे एलएसयूला, २१-० असं धुतलं आणि अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद नेलं. मी तेव्हा एलएसयूत शिकत होते, म्हणजे मार खाल्लेल्या बाजूची. तरीही या सामन्याला कोणी ‘कंटाळवाणा’ म्हटलं की मी आजही भांडायला उठते. आणि म्हणणारे पुष्कळ आहेत. अख्ख्या सामन्यात टचडाउन एक, तेही पाच मिनिटंसुद्धा उरली नव्हती तेव्हा. बाकीचे सगळे गुण फील्ड गोलचे. टीव्हीचं रेटिंगही आधीच्या वर्षीच्या अंतिम सामन्यापेक्षा घसरलं. तक्रार एकच: काही घडलंच नाही.

घडलं भरपूर. फक्त चेंडू ज्यांच्या हातात होता त्यांनी ते घडवलं नाही.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी बघत नाही, म्हणून जुजबी नियम सांगते. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात, आणि तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर नवे चार. नाही जमलं तर चेंडू समोरच्याचा. म्हणून तीन प्रयत्न फुकट गेले की चौथ्याला बहुतेक संघ लाथेने चेंडू लांब उडवून मोकळे होतात. चेंडू टोकाच्या गोलरेषेपार नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण; लाथेने खांबांमधून मारला की फील्ड गोल, त्याचे तीन. आता त्या रात्रीचा हिशेब बघा. साठ मिनिटांत एलएसयूला नवे डाउन मिळाले पाच वेळा. एकूण मजल ९२ यार्ड. मैदानाची मध्यरेषा ओलांडली ती एकदाच, तीही चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये. आणि हा काही लिंबूटिंबू संघ नव्हता. तेराच्या तेरा सामने जिंकून आला होता. ओरेगन, वेस्ट व्हर्जिनिया, आर्कान्सा यांना लोळवून, आणि आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला ४२-१० असं चिरडून.

सांगलीच्या कॉलेजात असताना मी कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर. त्यामुळे ते ९२ यार्ड मला असे दिसले: मोसमभर कोणालाही न सापडलेला चढाईपटू सामनाभर चढाया करतोय आणि त्याचा पाय बोनस रेषेपर्यंत एकदाच पोचलाय. अशी कबड्डी लालबाग-परळला झाली तर लोक भिंतीवर चढून बघतील. तिला कंटाळवाणी म्हणणाऱ्याला खाली उतरवतील.

अमेरिकी फुटबॉलमधला बचाव बघायला मला शिकवलं ते एलएसयूच्या गावातल्या, बॅटन रूजच्या, आमच्या घरमालकांनी. तेलशुद्धीकरण कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेले कॅजन, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच वंशाचे, गृहस्थ. शनिवारी सामना असला की सकाळपासून अंगणात गंबोचं पातेलं चढायचं आणि भाडेकरू पोरींनाही हुकूम सुटायचा, जेवायला या आणि गप्प बसून बघा. ५ नोव्हेंबर २०११ ला हेच दोन संघ टस्कलूसाला, अलाबामाच्या घरच्या मैदानावर, पहिल्यांदा भिडले. देशातला पहिला आणि दुसरा क्रमांक. ‘शतकातला सामना’ म्हणून आधी कितीतरी दिवस ढोल बडवले गेले होते. माझे डोळे चेंडूमागे पळत होते आणि चेंडू मला सापडत नव्हता. मालकांनी ते बघितलं. म्हणाले, “चेंडू सोड पोरी. तो ९९ नंबर बघ. तो काय करतो तेवढंच बघ.”

९९ म्हणजे जॉश चॅपमन. जागा नोज टॅकलची, म्हणजे चेंडू जिथून सुटतो त्याच्या अगदी तोंडासमोर. वजन साधारण एकशे चाळीस किलो. तो कोणाच्या मागे धावत नव्हता, कोणाला फारसा पाडतही नव्हता. चेंडू हलला की खाली बसायचा, समोरच्याच्या छातीत दोन्ही पंजे रोवायचा आणि जागेवरून हलायचा नाही. एकट्याच्याने तो मागे सरेना, म्हणून दुसरा येऊन त्याला ढकलायचा. दोघं चॅपमनमध्ये अडकले की त्याच्या मागे उभ्या असलेल्या डोन्टा हायटावरला अडवायला माणूस उरत नसे. हायटावर मोकळा सुटायचा आणि चेंडूवाल्याला आडवा करायचा. पडद्यावर नाव यायचं ते हायटावरचं.

मला हे चटकन कळलं, कारण आमच्याकडेही असंच चालायचं. माझ्या घोट्याच्या पकडीला मैदान दणाणायचं. पण चढाई करणारीची मधली वाट बंद करून तिला रेटत रेटत माझ्या पुढ्यात आणून सोडायची ती आमची कव्हर. गुणपत्रकात तिच्या नावापुढे बहुतेक वेळा शून्य.

नोव्हेंबरचा तो सामना जादा वेळेत ९-६ असा आम्ही जिंकला. टचडाउन कोणाचाच नाही. अलाबामाचे चार फील्ड गोल हुकले. एकदा तर आमच्या एरिक रीडने गोलरेषेच्या तोंडाशी अलाबामाच्या खेळाडूच्या हातात गेलेला चेंडू हिसकावून घेतला. बॅटन रूज रात्रभर रस्त्यावर होतं.

पण जानेवारीत पुन्हा तीच जोडी समोरासमोर आली, आणि खरा वाद इथून सुरू झाला. त्या काळी अंतिम सामन्यातले दोन संघ मतदान आणि संगणकी क्रमवारी यांची बेरीज करून ठरत. ओक्लाहोमा स्टेटही एकच सामना हरलं होतं, आयोवा स्टेटकडून, दुहेरी जादा वेळेत. तरी बेरजेत अलाबामा किंचित वर राहिलं. जो संघ एलएसयूकडून एकदा हरलाय, ज्याला स्वतःच्या गटाचंही विजेतेपद मिळालेलं नाही, त्याला दुसरी संधी का? रास्त प्रश्न होता. आम्हीही तावातावाने तोच विचारत होतो, कारण आम्हाला ते पुन्हा समोर नको होते. पुढे जून २०१२ मध्ये चार संघांच्या बाद फेरीचा निर्णय झाला, ती २०१४ च्या मोसमापासून सुरू झाली, आणि २०२४ पासून तिच्यात बारा संघ खेळतात. या बदलामागे त्या एका सामन्यावरच्या चिडीचा मोठा वाटा होता. मात्र अन्याय ही एक तक्रार आणि कंटाळा ही दुसरी. लोकांनी पहिलीचा राग दुसरीत घातला.

अलाबामाच्या प्रशिक्षकांचं, निक सेबन यांचं, नाव लुइझियानात शिवीसारखं घेतलं जायचं. २००० ते २००४ ते आमचेच प्रशिक्षक होते. २००३ च्या मोसमाचं अजिंक्यपद त्यांनी एलएसयूला याच सुपरडोममध्ये मिळवून दिलं होतं. मग मायामीच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि तिथून २००७ मध्ये थेट शत्रूच्या गोटात. बचाव हा त्यांचा जीव की प्राण. बचावाची जबाबदारी त्यांनी दिली होती कर्बी स्मार्ट या तरुण सहकाऱ्याकडे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या रात्री एलएसयूचा क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हातात असलेला खेळाडू, होता जॉर्डन जेफरसन. त्याची खासियत अशी की चेंडू हातात घेऊन तो मैदानाच्या कडेकडे धावायचा आणि समोरचा बचावपटू काय करतो ते शेवटच्या क्षणापर्यंत जोखायचा. तो अंगावर आला तर चेंडू शेजारून धावणाऱ्या सोबत्याकडे, सोबत्याकडे वळला तर स्वतःच पुढे मुसंडी. संघ याला फसत आले होते, कारण बचावपटू उतावीळ होतो. अलाबामाच्या कडेला ४१ नंबरचा कोर्टनी अपशॉ उभा होता. तो झेपावलाच नाही. खांदे सरळ, गुडघे वाकलेले, दोन पावलं आडवी, आणि वाट बघणं. जेफरसनला निर्णय घेता येईना, आणि तो अर्धा-एक सेकंद अडकला की आतून हायटावर, मागून मार्क बॅरन, बाहेरून ड्रे कर्कपॅट्रिक पोचायचे. कोपऱ्यावरच्या पोरीला पहिल्याच वर्षी हे दरडावून सांगतात: तिने पाय पुढे टाकला म्हणून उडी घालू नकोस, हूल देतेय ती. सांगणं सोपं आहे. समोर धावत येणारा माणूस बघून अंग आवरणं महाकठीण, आणि साठ मिनिटं आवरणं त्याहून.

तिसऱ्या क्वार्टरमधला एक क्षण माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. जेफरसनला सगळीकडून घेरलंय, पाडलं जाणार हे दिसतंय. तो घाईघाईने चेंडू सोबत्याकडे, स्पेन्सर वेअरकडे, ढकलतो. वेअरने तोवर पाठ फिरवून पुढे धाव घेतलेली; चेंडू येतोय हे त्याला माहीतच नाही. चेंडू अलगद अलाबामाच्या सी. जे. मोझलीच्या हातात. दोष जेफरसनला दिला गेला, वर्षानुवर्षं दिला जातोय. पण सगळ्या वाटा बंद दिसल्यावर माणसाचा हात असाच सुटतो, आणि त्या वाटा बंद करायला अकरा जण खपले होते. तो चेंडू घेऊन धावताना मोझलीचं स्वतःचं खुब्याचं हाड निखळलं, त्याला मैदानाबाहेर न्यावं लागलं. बचाव तसूभरही ढिला पडला नाही.

चढाईच्या बाजूने अलाबामाने फार काही केलं नाही, आणि ते शहाणपणाचं होतं. ए. जे. मॅकॅरनने ३४ पैकी २३ पास अचूक टाकले, चेंडू एकदाही गमावला नाही. जेरेमी शेलीने सात प्रयत्नांत पाच फील्ड गोल मारले. नऊ, बारा, पंधरा असे गुण चढत गेले. आपला बचाव काहीही देणार नाही याची खात्री असली की तीन-तीन गुणांनीही अजिंक्यपद जिंकता येतं. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही एकदाची मध्यरेषा ओलांडली. आमच्या खोलीत आरोळ्या उठल्या. मग पुन्हा मागे रेटले गेलो आणि निकराच्या चौथ्या डाउनला हायटावर जेफरसनवर असा आदळला की चेंडूच निसटला. थोड्याच वेळात ट्रेंट रिचर्डसनने ३४ यार्ड धावून टचडाउन केला. दोन सामने मिळून एकशे पंधरा मिनिटं आणि वर जादा वेळ खेळल्यानंतर या दोन संघांतला हा पहिला टचडाउन. त्यावरचा जादा एक गुण शेलीला मिळाला नाही, म्हणून २१.

सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदेत गंमत झाली. न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघाचे जुने क्वार्टरबॅक बॉबी एबेर तेव्हा रेडिओवर बोलत. त्यांचा मुलगा एलएसयूच्या संघात होता. त्यांनी प्रशिक्षक लेस माइल्स यांना भर सभेत धारेवर धरलं: दुसरा क्वार्टरबॅक जॅरेट ली बाकावर होता, त्याला का नाही उतरवलं? बाप म्हणून बोलले की पत्रकार म्हणून, देव जाणे. लुइझियानात आजही हाच वाद रंगतो. मला तो फिजूल वाटतो. नोव्हेंबरात सुरुवात लीनेच केली होती आणि त्याचे दोन पास अलाबामाने पळवल्यावर त्यालाच बाकावर बसवावं लागलं होतं. हरलेल्यांना नेहमी वाटतं की आपणच काहीतरी चुकलो. समोरच्याने आपल्याला चुकायला लावलं हे कबूल करणं जड जातं.

अलाबामाचा बचाव त्या मोसमात धावून घेतलेले यार्ड, पासचे यार्ड, एकूण यार्ड आणि दिलेले गुण या चारही हिशेबांत देशात पहिला होता. सामन्यामागे सरासरी नऊ गुणसुद्धा दिले नव्हते. त्या जुन्या पद्धतीच्या अंतिम सामन्यांत एखादा संघ शून्यावर राहिल्याची ही पहिली आणि शेवटची वेळ.

आता माझ्या बाजूची अडचणही सांगायला हवी. बचावाचं कौतुक करताना आपण कधीकधी नुसत्या धसमुसळेपणाचं कौतुक करून बसतो. त्याच वर्षी मार्चमध्ये उघड झालं की याच सुपरडोममध्ये खेळणाऱ्या व्यावसायिक संघात प्रतिस्पर्ध्याला जायबंदी केल्याबद्दल बक्षिसं दिली जात होती. मुख्य प्रशिक्षकांना वर्षभर घरी बसावं लागलं. २०१३ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये डोक्यावर नेम धरून धडक मारणाऱ्याला मैदानाबाहेर काढतात. हे नियम हवेतच. आणि चॅपमन तो अंतिम सामना गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना खेळला, हे नंतर कळलं. त्याच्या जिद्दीचे पोवाडे गायले गेले. मला त्यात सूर मिसळता येत नाही. सेबन यांना तेव्हा वर्षाला चाळीस लाख डॉलरहून जास्त मिळत, चॅपमनला शिष्यवृत्ती. खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली ती २०२१ मध्ये.

पण सुरक्षिततेचे नियम वेगळे आणि गुणांचा पाऊस पाडण्यासाठी केलेली सोय वेगळी. त्यानंतरच्या दशकात कॉलेज फुटबॉल झपाट्याने पळायला लागलं. दोन डाउनमध्ये श्वास घ्यायला वेळ न देणारे हल्ले आले. आपल्याला फुटबॉल असंच हवंय का, असं सेबन यांनी २०१२ मध्येच जाहीरपणे विचारलं होतं. मग ते स्वतःच बदलले. २०१४ मध्ये लेन किफिन यांना आक्रमणासाठी आणलं, आणि २०२० च्या मोसमाचा अंतिम सामना ५२-२४ असा जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या एलएसयूने त्याच सुपरडोममध्ये क्लेमसनला ४२-२५ असं हरवलं. जो बरोने त्या मोसमात साठ टचडाउन पास टाकले होते. पुण्यात सकाळी ऑफिसला दांडी मारून बघितला तो सामना, आणि नाचले. मजा आलीच. माझी तक्रार मजेबद्दल नाही, मजा एकाच बाजूची धरण्याबद्दल आहे.

आणि बचावाचे दिवस संपले म्हणणाऱ्यांना कर्बी स्मार्टने उत्तर दिलं. जॉर्जियाचा मुख्य प्रशिक्षक होऊन त्याने २०२१ च्या मोसमात असा बचाव उभा केला की पुढच्या निवडीत पहिल्याच फेरीत त्यातले पाच जण व्यावसायिक संघांनी उचलले, ट्रॅव्हॉन वॉकर तर पहिल्याच क्रमांकावर. अंतिम सामन्यात समोर सेबन यांचंच अलाबामा होतं. ३३-१८. शेवटचा घाव केली रिंगो या बचावपटूचा: प्रतिस्पर्ध्याचा पास पकडून ७९ यार्ड धावत टचडाउन.

मग बघणाऱ्याला कंटाळा येतो कशामुळे? माझ्या मते दोष बराचसा कॅमेऱ्याचा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूला चिकटून असतो. बॅरन किंवा कर्कपॅट्रिक मागे कुठे उभे आहेत, कोणाची वाट अडवतायत, हे चौकटीत येतच नाही. प्रशिक्षक अभ्यासाला घेतात त्या चित्रणात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. अर्धा खेळ कापून दाखवायचा आणि मग त्यात काही घडत नाही म्हणायचं, ही बनवाबनवी आहे.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? क्रिकेटमध्ये जादा फलंदाज मिळावा म्हणून इम्पॅक्ट प्लेअर आणला, खेळपट्ट्या पाटा केल्या, आणि २८७ धावा झाल्या की आपण टाळ्या पिटतो. ९ जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये भारताने ११९ धावा करून पाकिस्तानला ११३ वर रोखलं, बुमराहने १४ धावांत तिघांना घेतलं. खेळपट्टीच्या नावाने जगभर बोंब झाली. त्या रात्री आपल्यातलं कोणी कंटाळलं होतं का? आपली माणसं बचाव करत असली की आपल्याला तो बरोबर दिसतो.

कबड्डीत तर ही सबबही चालत नाही. अख्खं मैदान, सातही बचावपटू एका चौकटीत मावतात. प्रो कबड्डीत तिघे किंवा कमी उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, ही चांगली गोष्ट. तरी रात्रीच्या क्षणचित्रांत चढायाच, पोरांच्या तोंडी चढाईपटूंचीच नावं. गिरीश एर्नाकसारखा डावा कोपरा महाराष्ट्राने देशाला दिला, तो आपल्या किती शाळकरी पोरांना माहीत आहे?

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांना म्हणूनच माझी एक मागणी आहे. कबड्डीच्या बातमीत कोणी चढाईत किती गुण घेतले ते तुम्ही छापताच; पकड कोणी केली तेही येतं. त्याच्याखाली आणखी एक ओळ द्या: कव्हरवर कोण होता, आणि त्याने चढाईपटूची कोणती वाट बंद केली.